शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (फक्त कागदावर. प्रत्यक्ष घालता येणार नाही, गुडघा वाकत नाही. कारण पुढे येतं.) तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल असं धरून नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिते आहे. निघाली नसेल तर पत्र मामींकडून वाचून घेऊ नका. ठेवून द्या. त्या वाचता वाचता शेजारच्यांनाही ऐकवतात आणि हे पत्र शेजारच्यांसाठी नाही. मामींची पाठ कशी आहे? गादी बदलली का? त्यांना म्हणावं, पंखा सोडून बाकी सगळं स्वतः पुसायची गरज नाही, आणि पंखाही पुसायची नाही. इकडे सगळे मजेत. धाकटीचा दात पडला, मोठीला चष्मा लागला. नवऱ्याची तब्येत उत्तम आहे, फक्त तो सध्या माझ्याशी जपून बोलतो.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, शाळेत इतिहास अजून तुझ्याकडेच आहे ना? आहे. पण मध्यंतरी जवळजवळ गेलाच होता. आमच्या मुख्याध्यापिका (उंचीने माझ्या खांद्याला लागतात, तरी सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणते) यांचं मत असं, की इतिहास घरी पाठ करता येतो, गणित येत नाही. तेव्हा सातवीचे इतिहासाचे तास गणिताला द्यावेत आणि मला ग्रंथालयात बसवावं. आमचं ग्रंथालय म्हणजे एक अंधारी खोली आणि कुलूप लावलेली कपाटं. किल्ल्या मोठ्या बाईंच्या पर्समध्ये. मी तिथे बसून काय करायचं, असं विचारलं तर म्हणाल्या, "शांतता राखायची." त्या खोलीत कुणीच येत नाही, मामा. शांतता तिथे माझ्याशिवाय वर्षानुवर्षं उत्तम राहिलेली आहे. मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, विचार करते. त्याच दिवशी स्टाफरूमच्या फळ्यावर शहराच्या संग्रहालयाचं पत्रक लागलं: आपल्या गल्लीचा, आपल्या वस्तीचा इतिहास वर्गात कसा आणावा याची शिक्षकांसाठी कार्यशाळा, आणि शेवटी मुलांच्या कामाचं संग्रहालयात प्रदर्शन. मी ते पत्रक काढून मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. (मागची बाजू कोरी होती. तीही त्यांनी पूर्ण पाहिली.) मग म्हणाल्या, ठीक आहे, प्रदर्शन मी स्वतः बघेन आणि तिथेच ठरवेन. म्हणजे माझे तास आता संग्रहालयाच्या एका भिंतीवर टांगलेले होते.

कार्यशाळा घेणारे गृहस्थ उंच, किडकिडीत आणि मानेपाशी वाकलेले. पायांत नेहमी गोल टोकाचे काळे बूट. दुसऱ्या रांगेतल्या भूगोलाच्या बाईंनी त्यांचं नाव पहिल्याच तासाला प्रश्नचिन्ह ठेवलं. नुसत्या आकृतीवरून नाही. ते बोलतातही फक्त प्रश्नांत. त्यांच्या पद्धतीचा एकच नियम आहे: शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही. मुलाने काही विचारलं की आपण विचारायचं, "तुला काय वाटतं? कशावरून वाटतं?" पुन्हा विचारलं की पुन्हा विचारायचं. कुणीतरी हात वर करून म्हणालं, सर, चहा कधी मिळेल? त्यावर ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" आम्हाला वाटलं तेव्हा चहा मिळाला नाही, पण पद्धत मनात पक्की बसली. माझ्या तर इतकी बसली, की घरी नवऱ्याने मोजे कुठे आहेत म्हणून विचारलं आणि मी म्हटलं, तुला काय वाटतं, आणि कशावरून? तो बिनमोज्यांचा ऑफिसला गेला. तेव्हापासून तो घरात फक्त विधानं करतो.

कार्यशाळेच्या शेवटी प्रत्येक शिक्षकाने एक लाकडी पेटी न्यायची होती. प्रत्येक पेटीत आपापल्या वस्तीतली एक जुनी वस्तू, आणि मुद्दाम तिच्यावर ना नाव, ना साल. ती काय आहे हे मुलांनी वस्तीत हिंडून, म्हाताऱ्या माणसांना विचारून शोधायचं. पेट्या वरच्या मजल्यावरच्या बोळात भिंतीला लावून ठेवल्या होत्या. मी पोहोचेपर्यंत बाकीच्यांनी आपल्या नेल्या होत्या. बोळात शिरल्या शिरल्या, प्रसाधनगृहाच्या दाराशी, एक उरलेली दिसली. मी ती उचलली. जड होती. जिन्यात शेवटच्या पायरीवर पाय घसरला, पेटी वाचली, गुडघा गेला. (आता तुम्हाला कारण कळलं.) प्रश्नचिन्ह धावत आले आणि त्यांनी विचारलं, "लागलं का?" मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? ते खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सातवीत पेटी उघडली. आत फडक्यात गुंडाळलेली ओतीव लोखंडाची एक वस्तू होती. घंटेसारखी, पण आत लोलक नाही. वर एक कडी. साधारण मोठ्या पातेल्याएवढी. वर्गाला अतोनात आनंद झाला. मलाही झाला, कारण ती काय आहे हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि नियमानुसार ते माहीत असायची गरजही नव्हती. मुलांनी विचारलं, बाई, हे काय आहे? मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? इतक्या शांत मनाने मी आजवर शिकवलं नव्हतं. मुलींनी ती घासली, पुसली, तिला तेल लावलं. (हे पद्धतीत बसत नाही असं मागाहून कळलं.) ती काळी कुळकुळीत झाली. मग वर्गाचे गट पडले आणि वस्तीत हिंडायला लागले.

मामा, तुम्ही याच वस्तीत वाढलात, त्यामुळे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना कुणी काही विचारत नाही. मुलं वह्या घेऊन दाराशी आली, वस्तू पुढ्यात ठेवली आणि ऐकत बसली, एवढ्यानेच माणसं विरघळली. ओळखली नाही असं एकही जण म्हणाला नाही. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याने ती हातात घेतली न घेतली तोच त्याचे डोळे भरले. हे त्याच्या वस्तादाचं कॉलर दाबायचं वजन. तापवून ठेवायचे म्हणे. वस्ताद कसा होता, कापड कापण्याआधी गिऱ्हाइकाला कसा चालायला लावायचा, पूर आला तेव्हा मशिनं डोक्यावर घेऊन दोघं कसे निघाले, सगळं आलं. निवृत्त पोस्टमनना वस्तू लांबूनच ओळखू आली. जुन्या टपाल कचेरीत पंखा सुरू झाला की पत्रं उडायची, त्यावर ठेवायचं हे झाकण. आणि एकदा हे न ठेवल्यामुळे एका मुलीचं पत्र खिडकीतून उडून समोरच्या बेकरीत गेलं आणि तिचं लग्न बेकरीवाल्याशी झालं. (बेकरीवाल्याला विचारलं. लग्न खरं आहे. पत्राबद्दल तो काही बोलत नाही.) किराणा दुकानाच्या मालकीणबाई, वय झालेल्या, पण आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा, त्या तर वस्तू परतच देईनात. म्हणाल्या, हे आमच्या तराजूचं वजन. सासऱ्यांवर माप मारल्याचा आळ आला त्या साली हे नाहीसं झालं. "ठेवा इथेच, आता येऊ दे कोण येतं ते बोलायला!" मुलांनी त्यांना प्रदर्शनानंतर बघू असं सांगून मोठ्या मिनतवारीने वस्तू सोडवून आणली.

वह्या भरत चालल्या. मी रोज त्या घरी आणून वाचत होते. त्यात पूर होता, बंद पडलेला छापखाना होता, एका रात्रीत नाव बदललेली गल्ली होती, माणसं होती. पाठ्यपुस्तकात आपल्या वस्तीला अर्धी ओळसुद्धा नाही. मला वाटलं, आता तास जात नाहीत. तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी (ही बोलत नाही, बोलली की आपल्याला बसायला खुर्ची लागते) उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सगळेच खरं सांगत असतील तर वस्तू एकच कशी?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्हालाही माहीत नाही."

"कशावरून?"

"माहीत असतं तर एव्हाना सांगून टाकलं असतंत. तुम्हाला राहवत नाही."

मी तिला बस म्हटलं.

त्याच संध्याकाळी प्रश्नचिन्हांचा फोन आला. मामा, त्या माणसाने फोनवर प्रश्न विचारला नाही. सरळ वाक्य बोलले. म्हणाले, "तुमची पेटी इथेच आहे." मी खाली बसले. (गुडघ्यामुळे जरा वेळ लागला.) बोळाच्या दुसऱ्या टोकाला माझी खरी पेटी पडून होती. तिच्यात रस्त्यावरच्या जुन्या दिव्याची काच होती. मी नेली ती प्लंबरची पेटी. संग्रहालयाच्या वरच्या प्रसाधनगृहात भिंतीवर उंच लावलेली ती जुनी लोखंडी फ्लशची टाकी आहे, साखळी ओढायची. तिच्या पोटात ओतीव लोखंडाची एक घंटा असते. साखळी ओढली की ती उचलली जाते, सोडली की आपटते आणि पाणी धो धो येतं. प्लंबरने ती गंज काढायला बाहेर काढून पेटीत ठेवली होती आणि जेवायला गेला होता. तो जेवून आला तेव्हा त्याची घंटा आमच्या वस्तीचा इतिहास झालेली होती.

मग मी विचारलं, आता काय करायचं? आणि ते सवयीने म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" मी फोन ठेवला.

मला जे वाटत होतं ते मी सरळ सांगते. मला वाटत होतं, मुलांना खरं सांगावं. आणि मला हेही वाटत होतं, की खरं सांगितलं की मोठ्या बाई प्रदर्शनात एक संडासाचा भाग बघतील, आणि मी उरलेली नोकरी कुलपातल्या पुस्तकांना जपत काढेन. शेवटी सांगायचंच असं ठरवून सकाळी वर्गात गेले. खडू हातात घेतला. मुलांनी प्रदर्शनाचा मोठा तक्ता पूर्ण करून फळ्यालाच टांगला होता. कधी केला कोण जाणे. वर ठळक अक्षरात शीर्षक होतं: "ही वस्तू काय आहे हे आम्हाला कळलेलं नाही. ती बघून लोकांना काय काय आठवलं, ते हे." अक्षर शेवटच्या बाकावरचं. खाली सगळ्यांच्या हकिगती, प्रत्येकीखाली सांगणाऱ्याचा धंदा आणि गल्ली. सर्वांत खाली एक रिकामी चौकट आणि टांगलेली पेन्सिल. मी तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात खोडायला एक शब्द सापडेना. मग मी खडू ठेवला आणि शीर्षकातला एक अनुस्वार दुरुस्त करून खाली बसले. शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही, हा नियम माझा नाही, संग्रहालयाचा आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी घंटा काचेच्या पेटीत, खाली निळं मखमल, वर दिवा. प्रश्नचिन्ह माझ्या शेजारी उभे. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. सगळ्यात आधी आला प्लंबर. (त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो त्याची घंटा शोधत इमारतभर हिंडत होता.) काचेसमोर थांबला. कमरेवर हात ठेवून तक्ता अथपासून इतिपर्यंत वाचला. तो म्हणाला, आमच्या टाकीतली हुबेहूब अशीच होती, पण कुणा चोराने नेली. मग मान हलवून म्हणाला, "पण ही खरी जुनी दिसते. आमची साधी होती हो." आणि प्रश्नचिन्हांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, "काय फरक दिसतो तुम्हाला?" मी त्यांच्या गोल टोकाच्या बुटावर पाय दिला, पण उशीर झाला होता. प्लंबरने घंटा नीट न्याहाळली. म्हणाला, "हिच्यावर काच आहे." आणि पुढे गेला.

मग मोठ्या बाई आल्या. सोबत गणिताचे सर, हातात नवीन वेळापत्रकाची गुंडाळी. मोठ्या बाईंनी चष्मा बदलला, वस्तू पाहिली, तक्ता पाहिला आणि सातवीकडे वळून विचारलं, "हे नेमकं आहे काय?" मला वाटलं, संपलं. आणि अख्खी सातवी एका सुरात म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, बाई? कशावरून?" मामा, त्यांना शाळेत असं आजवर कुणी विचारलं नसावं. गणिताचे सर एक पाऊल मागे सरकले. मोठ्या बाई काचेच्या जवळ गेल्या. इतक्या जवळ, की काचेवर वाफ आली. जरा वेळाने म्हणाल्या, "बाबांच्या छापखान्यात शाईच्या डब्यावर हे असायचं." आवाज त्यांचा नव्हता, निदान आम्हाला माहीत असलेला नव्हता. त्या लहान असताना ते डोक्यावर घालून यंत्रांमधून राणीसारख्या चालायच्या. बाबा छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता उठून मुजरा करायचे. छापखाना बंद पडला त्या दिवशी बाबांनी घरी येऊन हात धुतले आणि शाई निघेना, तर निघेपर्यंत धूत बसले. हे सगळं त्यांनी उभ्याने सांगितलं. शेवटच्या बाकावरची मुलगी लिहून घेत होती. मध्येच मोठ्या बाईंनी पेन्सिल स्वतःकडे घेतली, रिकाम्या चौकटीला आधी समास आखला, आणि उरलेलं स्वतःच्या हाताने लिहिलं. खाली सहीसुद्धा केली. गणिताच्या सरांनी गुंडाळी पाठीमागे लपवली.

माझे तास राहिले, मामा. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, की ज्या विषयात आपलं स्वतःचं लेखन भिंतीवर लागलं आहे तो विषय बंद करणं बरं दिसणार नाही. शिवाय ही विचारण्याची पद्धत गणितालाही लावावी असं त्यांनी ठरवलं आहे. आता सर फळ्यावर उदाहरण घालतात, मुलं उत्तर विचारतात, आणि सरांना तुम्हाला काय वाटतं असं म्हणावं लागतं. सर माझ्याशी बोलत नाहीत. जेवणाचा डबाही दुसऱ्या टेबलावर उघडतात. प्रदर्शन लोकाग्रहास्तव वाढवलं आहे. शिंपी रोज संध्याकाळी येऊन काचेसमोर बसतो. किराणा दुकानाच्या मालकीणबाई त्याच्या शेजारी बसून ते वजन कसं आमचंच, हे त्याला पटवतात. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

बाकी विशेष नाही. डोळ्याला जपा, ऊन टाळा. मामींना नमस्कार, पाठीला आराम.

तुमची,
भाची

ता. क. विशेष नाही असं वर लिहिलं, पण एक आहे. संग्रहालयाचं प्रसाधनगृह अजून बंद आहे. इमारत संरक्षित, म्हणून टाकीही संरक्षित. नवी बसवायची तर समितीची परवानगी लागते, आणि समितीत आता टाकी कोणत्या काळातली यावर वाद आहे. तोवर सहलीला आलेली मुलं आणि प्रश्नचिन्ह स्वतः समोरच्या बँकेत जातात. बँकेने काल पाटी लावली: फक्त खातेदारांसाठी. प्रश्नचिन्हांनी तिथे खातं उघडलं, पण सगळ्या शाळांनी उघडावं असं आपण म्हणू शकत नाही. तुमच्या हार्डवेअरच्या दुकानात मागच्या खोलीत जुना माल पडलेला असतो. त्यात साखळीच्या टाकीची अशी एखादी घंटा निघाली तर ताबडतोब पाठवा. नीट बांधा. बाहेर आत काय आहे ते लिहू नका. आणि हे पत्र वाचून झालं की फाडा.

ता. क. २. हे सगळं वाचून तुम्हाला प्रदर्शन बघायला यावंसं वाटेल. जरूर या. पण काचेसमोर उभे राहून मोठ्याने काही म्हणू नका. नळजोडणीत तुमची हयात गेली, तुम्हाला जड जाईल, म्हणून आधीच सांगते.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता एक आठवलं, म्हणून पुन्हा उघडलं. मी लहान असताना तुमच्या दुकानात स्टुलावर बसायचे, तेव्हा काउंटरवर अशीच एक घंटा पालथी ठेवलेली असायची ना? तुम्हाला चहा हवा असला की तुम्ही तिच्यावर पाना वाजवायचात, आणि मामी आतून ओरडायच्या, "आले, आले, दुकान पाडू नका!" मला तो आवाज आत्ता स्पष्ट ऐकू येतो आहे. मी उद्याच मुलांकडून तक्त्याला एक जादा चौकट आखून घेणार आहे. तर मागच्या खोलीतली कुठलीही पाठवा. काउंटरवरची मात्र पाठवू नका. ती ऐतिहासिक आहे.